चुन्याच्या निवळीतले हात

माझे मालक गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी हे सांगणार होते. सांगितलं नाही. त्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं, काही विचारायचं असल्यासारखं. मी उठून पाणी आणायला गेले. त्यानंतर कुणाला सांगायचा प्रश्नच उरला नाही. मुलगा लातूरला असतो, त्याला नाही. देवापुढेही तोंड उघडून कधी बोलले नाही. देवाला काय, माहीतच असेल.

तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून.

मी चौथीपर्यंत शिकले. गावात माझी ओळख अशी, की ही बाई फटकळ आहे, तोंडावर बोलते, कुणाची भीड ठेवत नाही. खरं आहे. सरपंचाला तोंडावर बोलले आहे, सासूला बोलले आहे. पण जे एक बोलायला हवं होतं तेच गिळून बसले. मग ही फटकळ बाई कसली? बाहेरच्यांसाठी तोंड आणि घरच्यांसाठी कुलूप.

आमचं गाव मुखेडहून जळकोटकडे जाताना लागतं. घर रस्त्यापासून आत आहे, पुढे मोठं अंगण, अंगणात कडुलिंब. आता घरात दोघीच असतो, मी आणि माझी लेक मंगल. ती पुढच्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवते. आत्ताही तिच्या मशीनचा आवाज येतो आहे. थांबतो, परत सुरू होतो. थांबला की मी लिहायची थांबते.

आधी हाताचं सांगते. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या घरात कावीळ उतरवायचा हात होता. सासूकडून मला आला. सासूला तिच्या सासूकडून. माणसाचे डोळे पिवळे झाले, अन्न जाईना झालं, की लोक त्याला आमच्या अंगणात घेऊन येत. सकाळी, उपाशीपोटी. पाटावर बसवायचं, तोंड उगवतीकडे. तांब्याच्या वाटीतलं पाणी घेऊन मी त्याच्या दोन्ही तळहातांना चोळायची, तोंडानं पुटपुटायची आणि हात वाळू द्यायची. मग काशाच्या वाडग्यात चुन्याची निवळी ओतायची. चुना भिजवून खाली बसला की वर राहतं ते नितळ पाणी. त्यात त्याला हात धुवायला लावायचं. तो हात धुवायचा आणि बघता बघता पाणी पिवळंजर्द व्हायचं. हळद कालवावी तसं. बघणारे म्हणायचे, निघाली बघा, निघाली. दुसऱ्या दिवशी पाणी जरा फिकट, तिसऱ्या दिवशी आणखी फिकट. शेवटी निवळी होती तशी नितळ राहिली, की कावीळ उतरली. तेल नाही, तिखट नाही, पडून राहायचं, उसाचा रस प्यायचा. पैसा घ्यायचा नाही, घेतला तर हात जातो. फक्त एक नारळ.

आता ऐका. त्या तांब्याच्या वाटीत साधं पाणी नसायचं. आंब्याची साल ठेचून, उकळून, गाळून काढलेलं पाणी असायचं. ते हातावर वाळलं की दिसत नाही, पण चुन्याच्या निवळीत गेलं की पिवळं होतं. कुणाच्याही हाताला लावा, होतं. पहिल्या दिवशी दाट लावायचं, मग रोज थोडं पातळ करत जायचं, शेवटच्या दिवशी लावायचंच नाही. कावीळ तिच्या कलानं उतरायची. आराम मिळाला, पथ्य झालं, की बहुतेक माणसं आपोआप बरी होतात, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पण अर्धं मला आधीच माहीत होतं.

मला सासूनं फक्त कृती शिकवली होती, कारण सांगितलं नव्हतं. लग्नाला काही वर्षं झाली असतील. एकदा वाटी धुताना माझेच हात भरले आणि तशीच मी चुना कालवायला गेले. पाणी पिवळं. मी धडधाकट, ज्वारी काढून आलेली बाई — आणि माझ्या हातातून कावीळ निघून राहिली! मी सासूला म्हटलं, आत्याबाई, हे तर सालीचं आहे. ती सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "तोंड बंद ठिव. माणसाला डोळ्यानं दिसावं लागतं, तवा धीर येतो. धीर आला की उठतंय ते."

मला ते पटलं. अजूनही थोडं पटतं, तेच तर वाईट आहे. धीर देणं खोटं नव्हतं. पण धीर कुणाला पुरतो आणि कुणाला पुरत नाही, ते मला कळत नव्हतं. आणि कळलं तेव्हा —

थांबा. क्रमानं सांगते.

मला तो मान आवडायचा. हे लपवून उपयोग नाही. मालकांची जमीन थोडी, ते मुके म्हणावेत इतके शांत. आम्हाला गावात कोण विचारणार होतं? पण हातामुळे लग्नात मला पुढे बसवायचे. उदगीरकडून, देगलूरकडून माणसं यायची, कानडी बोलणारी, तेलुगू बोलणारी, आणि सगळी मला मावशी म्हणायची. शिकलेला मास्तर त्याच्या पोराला घेऊन माझ्या अंगणात बसलेला मी बघितला आहे. चौथी शिकलेल्या बाईला हे कसं वाटत असेल, तुम्हीच सांगा.

मंगल ही माझी धाकटी. तिला लातूरकडच्या मुरुडला दिली होती. घर चांगलं, दुकान होतं, जावई दिलीपराव गुणी माणूस. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून मी तिला घेऊन आले. तिच्या सासूनं बजावलं, पहिलटकरीण आहे, जपा. मी म्हटलं, माझीच लेक आहे.

त्या साली गावात काविळीची साथ होती. नळाचा पाइप गटारीजवळ फुटला होता आणि महिनाभर कुणी बघितला नाही. घरोघरी डोळे पिवळे. माझं अंगण सकाळी जत्रेसारखं भरायचं. मला बोलायला फुरसत नव्हती. खरं सांगू? मी तेव्हा खूश होते. लोक दुखण्यानं बेजार आणि मी खूश. मंगलला त्याच नळाचं पाणी पाजत होते. उकळायला सांगून गेल्या होत्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. कोण उकळतंय एवढं पाणी? सरपण काय फुकट आहे, असं म्हटलं असेन.

एक दिवस मंगल म्हणाली, माय, अन्नाचा वास सहन होईना. मी म्हटलं, पोटुशी बाई आहेस, होतंय तसं. मग अंगाला खाज सुटली. मग ताप. मग एका सकाळी ती कडुलिंबाखाली तोंड धूत होती, उन्हात तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला तिचे डोळे दिसले.

इतक्या लोकांचे डोळे मी बघितले होते. तरी जवळ जाऊन मी तिच्या पापण्या खाली ओढून पुन्हा बघितलं.

मंगल मात्र घाबरली नाही. ती याच अंगणात वाढलेली. लहानपणापासून तिनं पिवळं पाणी निवळताना बघितलं होतं, निवळी ढवळून दिली होती. सालीचं तिला माहीत नव्हतं. साल मी पहाटे एकटी उकळायची. हसून म्हणाली, "बरं झालं माय, घरीच हाय की इलाज."

सिस्टर विहिरीत औषध टाकायला आल्या होत्या, त्यांनी तिला बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मावशी, हिचं वेगळं आहे. पाण्यातून आलेले विषाणू आहेत, इतर माणूस पडून राहिला की बरा होतो, पण गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत ही कावीळ फार जड जाते. लिव्हर कामातून जातं, दिवस भरायच्या आत कळा सुरू होतात, बाळ आणि आई दोघांना धोका. आजच्या आज नांदेडला न्या. मी म्हटलं, नेते. खरंच नेणार होते. त्या क्षणी नेणारच होते, हे खोटं नाही.

मी मालकांना गाडीचं बघायला सांगितलं. मालक चप्पल घालून निघाले. तेवढ्यात अंगणातून शेजारची गयाबाई बोलली. तिच्या नातवाला ती रोज माझ्याकडे आणत होती. अंगणात पाचपंचवीस माणसं बसलेली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशी, तुमच्या लेकीला तुमी दवाखान्यात न्यायले, तर आमी आमची लेकरं हितं कामून आणावं?"

वाईट बाई नव्हती गयाबाई. खवचट होती, पण तिनं विचारलं ते बरोबरच विचारलं.  सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला तेव्हा दोन गोष्टी करता आल्या असत्या. खरं बोलता आलं असतं, की बायांनो, हे सालीचं पाणी आहे, लेकरांना डॉक्टरला दाखवा. किंवा काहीच न बोलता लेकीला गाडीत घालून निघता आलं असतं. लोक हसले असते, महिनाभर बोलले असते. बस. याहून जास्त काय झालं असतं?

मी मंगलला हाक मारली आणि पाटावर बसवलं.

मालकांना परत बोलावलं. ते चप्पल काढून ओट्यावर बसले.  मी तिचे हात हातात घेतले. ओटीच्या वेळी भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या, त्या मागे सारल्या. तळहात गरम लागले, ताप होता. साल लावली. ती डोळे मिटून बसली होती, देवळात बसावं तशी. निवळीत हात घातले, पाणी पिवळंजर्द. गयाबाई म्हणाली, आई गं, केवढी साचली होती. आणि मंगलनं डोळे उघडून आधी पाण्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. किती भरवसा होता त्या बघण्यात. आता बरं होणार माझं — असं ते बघणं.

रोज मी साल पातळ करत गेले. पाणी फिकं होत होतं आणि तिचे डोळे आणखी पिवळे होत होते. मला दिसत होतं. पाण्याकडे सगळे बघत होते, डोळ्यांकडे मी एकटी.

दिलीपरावांचा फोन यायचा. कशी आहे? मी म्हणायची, उतरत आली. सिस्टरांनी त्यांचा नंबर मंगलकडून घेऊन त्यांना कळवलं असावं, कारण एके दिवशी दिलीपरावांचा आवाज बदलला. म्हणाले, मामी, उद्या सकाळी जीप घेऊन येतो, नांदेडला दाखवून आणू, एकदा मनाची खात्री होईल. मी म्हटलं, या की.

आता ते सांगते, जे सांगायचं आहे.

जावई जीप घेऊन येणार आणि भरल्या अंगणातून माझ्या लेकीला दवाखान्यात नेणार, हे मला सोसवत नव्हतं. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. लेक नव्हती, तिच्या पोटातलं नव्हतं. अंगण होतं. म्हणून त्या सकाळी मी साल लावली नाही. वाटीत साधं पाणी घेतलं. दिलीपराव आले, मी त्यांना पाटाजवळ उभं केलं. म्हटलं, तुमच्या डोळ्यानं बघा. तिचे हात चोळले, पुटपुटले, निवळीत घातले. पाणी नितळ राहिलं. वाडग्याचा तळ दिसत होता. अंगणातल्या बाया हसल्या, कुणीतरी हळदकुंकू आणलं. मी म्हटलं, उतरली.

दिलीपरावांचा चेहरा सुटला. मला वाकून नमस्कार केला त्यांनी. मंगलला विचारलं, बरं वाटतंय ना? ती म्हणाली, हाव, झोप लई येऊन राहिली फक्त. मी म्हटलं, आजार उतरला की येते झोप. ते जेवले, मंगलच्या हातावर सुपारी ठेवून हसले, आणि जीप घेऊन परत मुरुडला गेले.

रिकामी जीप. दारातून निघाली. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. हाक मारली असती तर थांबली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत होते. मंगल आतून मला म्हणाली, आत्याबाई, दुकान उघडलं का? मला आत्याबाई म्हणाली. ती मुरुडला होती, तिच्या मनात. मी आत गेले तर अंथरूण ओलं. कळा सुरू झाल्या होत्या आणि तिला कळतही नव्हतं की कळा आहेत. फक्त कण्हत होती.

गाडी मिळेना. बाजाराचा दिवस, सगळ्या गाड्या मुखेडला गेलेल्या. कापूस वाहणारा टेम्पो मिळाला, त्यात गाद्या टाकून नेलं. मुखेडच्या दवाखान्यात पोचता पोचता बाळ झालं. मुलगी. तिच्या पायाच्या बोटांना नखं नीट आली नव्हती, कानाची पाळी कागदासारखी. रडली. मी ऐकलं, रडली ती. मांजराच्या पिलाचा येतो तसा आवाज. डॉक्टर म्हणाले, फार लवकर आली, काचेच्या पेटीत ठेवायला नांदेडला न्यावी लागेल, आणि आईची अवस्था त्याहून वाईट. एकाच अँब्युलन्समध्ये दोघी. मंगलला रक्त चढवत होते, बाळ माझ्या मांडीवर, कापसात गुंडाळलेलं. नांदेड यायच्या आधी ते गार झालं. मी कुणाला सांगितलं नाही. तसंच धरून बसले. दवाखान्याच्या दारात तिथल्या एका सिस्टरनं माझ्या हातातून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

मंगल वाचली. रक्त थांबेना म्हणून पिशवी काढावी लागली, पण वाचली. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, कावीळ कधीपासून होती? मी सांगितलं तेव्हा ते लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, या विषाणूवर नेमकं औषध नाही हे खरं, पण आठवडाभर आधी आणली असती तर आम्ही हाताशी असतो. कळा इथं आल्या असत्या, बाळ जन्मल्या जन्मल्या पेटीत गेलं असतं. मग, वाचलंच असतं असं सांगता येत नाही, असंही म्हणाले. ते भले माणूस म्हणून म्हणाले. मी त्या वाक्याला कधी धरून बसले नाही.

मंगलला शुद्ध आली तेव्हा तिनं आधी पोटाला हात लावला. मग स्वतःचे तळहात समोर धरून बघितले. हळूच म्हणाली, "पण माय, पानी तर निवळलं व्हतं."

मी तिचे हात धरून चादरीखाली सरकवले.

मुरुडची माणसं आली. डॉक्टरांशी तोवर मी एकटीच बोलले होते. तिची सासू वॉर्डाच्या बाहेर बाकड्यावर बसली होती, पदर तोंडाला लावून. मला म्हणाली, कावीळ तर उतरली होती, पोरानं डोळ्यानं बघितलं, मग सातव्यात कळा कशानं आल्या? दिलीपराव शेजारी उभे होते. माझं उत्तर ऐकायला. अंगणासारखंच झालं बघा, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. आणि मी तोंड उघडलं आणि म्हणाले — पपई खाल्ली तिनं.

सुचलं कसं, ते मला आजही सांगता येत नाही. पोटुशीनं पपई खाऊ नये, खाल्ली तर पोट पडतं, हे सगळ्या बाया धरून चालतात. त्या सासूनं कपाळावर हात मारला. एवढी शिकलेली पोर, एवढं कळू नये? दिलीपराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, सुटले. हो, असंच वाटलं. खोटं कशाला बोलू आता.

मंगलला कळलं तेव्हा ती म्हणाली, मी कधी खाल्ली? मग स्वतःच म्हणाली, ते दिवस मला नीट आठवत नाहीत, ग्लानीच होती. खाल्ली असेल. डोहाळे लागले असतील. आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. याच हातानं.

मुरुडला ती वर्षभर राहिली. मूल होणार नाही हे सोसलं असतं कदाचित, पण आपल्या जिभेसाठी तिनं पोर घालवलं, हे त्या घरानं सोसलं नाही. कुणी मारलं-झोडलं नाही. तिच्यापुढे ताट सरकवायचे आणि बोलायचे नाहीत. मग दिलीपरावांचं दुसरं लग्न झालं आणि मंगल आमच्याकडे आली, एक पेटी आणि शिलाई मशीन घेऊन. दिलीपराव पोचवायला आले होते. जाताना मला म्हणाले, "मामी, जीप घिऊन आलतो मी. पानी बघून परत गेलो. माझंबी चुकलं." तो माणूस ते ओझं घेऊन गेला. मी त्यालाही जाऊ दिलं.

त्यानंतर मी हात बंद केला असेल, असं तुम्हाला वाटत असेल. नाही केला. बंद करणं म्हणजे कबूल करणं. थोडे दिवस थांबले, लोक म्हणाले, बाईवर दुःख कोसळलंय. मग परत सुरू. मंगल निवळी करून द्यायची. तिचा भरवसा उलट वाढला होता. आलेल्या बायांना ती सांगायची, मायच्या हातानं मी वाचले, पोर गेलं ते माझ्या चुकीनं. तिच्या तोंडून हे ऐकत मी लोकांचे हात चोळत राहिले. पोरीनं त्यानंतर पपई घरात येऊ दिली नाही. शेजाऱ्यांच्या परसात आपोआप रोप उगवलं होतं, तर त्यांना विनवून उपटून टाकायला लावलं. पोटुशी कुणी भेटली की आधी तेच सांगते, पपई खाऊ नको बाई.

मागच्या वर्षी जळकोटकडून एक सासू तिच्या सुनेला घेऊन आली. कोवळी पोर, आठवा महिना, डोळे पिवळे. मंगलनं लगबगीनं पाट मांडला, वाडगा पुसला. मी त्या पोरीचे हात हातात घेतले. गरम होते. हिरव्या बांगड्या. मी वाटीला हात लावला नाही. सासूला म्हटलं, गाडी बघा आणि आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या, इथं पाणीसुद्धा पिऊ नका. सासू म्हणाली, लई लांबून आलो मावशी, एकदा हात तर लावा. मी तिला शिव्या दिल्या. अंगणाबाहेर काढलं. दोघी घाबरून गेल्या. मंगल वाडगा हातात घेऊन नुसती बघत राहिली. 

दोन-तीन महिन्यांनी ती सासू पेढे घेऊन आली. नातू झाला होता. लवकर झाला, पेटीत ठेवला होता, पण आता चांगला आहे, सून बरी आहे. माझ्या पाया पडली. म्हणाली, तुम्ही तासभर उशीर केला असता तर दोघं गेली असती असं डॉक्टर म्हणाले. मंगलच्या हातावर पेढा ठेवून ती गेली.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. पेढा मंगलच्या ताटाच्या कडेला तसाच होता. तिनं तो खाल्ला नव्हता. भाकरी मोडली, खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"माय, ती परक्याची लेक. तिला तू उंबऱ्यातूनच दवाखान्यात लावून दिलीस. मंग मला कामून ठिवून घेतलीस?"

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा विचारलं. मीही इतकी वर्षं याच प्रश्नाची वाट बघत होते, असं म्हणायला हरकत नाही. घरात दोघीच. अंगण रिकामं. बघायला कुणी नव्हतं, गयाबाई तर मरून गेली. कुणाची लाज होती आता?

मी म्हणाले, "तवा मला कळत नव्हतं, बाई."

तिनं मग मान हलवली. मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "जाऊ दे माय. तुला तरी काय म्हनू. पपई तर म्याच खाल्ली."

मी तिच्या ताटात वरण वाढलं. ती जेवली. पेढा शेवटी तसाच राहिला, सकाळी मी गाईला घातला.

मला कळत होतं. सालीचं कळत होतं, सिस्टरांनी सांगितलेलं कळत होतं, तिचे डोळे दिसत होते, जीप दारात उभी होती. आणि पपई तिनं खाल्ली नव्हती. त्या महिन्यात आमच्या घरात पपई आलीच नव्हती.

मशीन थांबलं आहे. ती उठली वाटतं.